दातांवर ढकलणं बंद करा आता

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

चुलत बहिणीने दुपारी फॅमिली ग्रुपवर विचारलं, "बाळाला कालपासून पाण्यासारखे जुलाब होतायत, काय करू?" लगेच उत्तरं हजर. "दात येत असतील गं." "दात येताना होतंच." एकीने जुलाब थांबवायच्या औषधाचा फोटो टाकला, "आमच्याकडे उरलंय, देऊ का?"

माझ्या मुलाचेही दातच येत होते. अकरा महिन्यांचा होता. दोन दिवस मीसुद्धा हेच घोकत बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे डायपर उघडला तर शी नव्हतीच जवळपास. नुसती शेंबडासारखी आव आणि तिच्यात लाल दोऱ्यासारख्या रक्ताच्या रेघा. रिपोर्टमध्ये नाव आलं, शिगेला.

दातांमुळे शीतून रक्त पडत नाही. कधीच नाही! शिगेला मोठ्या आतड्याच्या अस्तरात घुसतो, तिथे जखमा करतो, म्हणून रक्त पडतं. १० ते १०० जंतू पोटात गेले तरी पुरतात. म्हणजे एक न धुतलेलं बोट. ते बोट माझंच होतं का, हे अजून मनातून जात नाही.

किओशी शिगाने हा जंतू १८९७ साली शोधला. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, थिओडोर एशेरिचला बाळांच्याच शीत ई. कोलाय हा आतड्यातला जंतू सापडला होता, त्याच्याही काही जाती जुलाब करतात. आणि आपण अजून दातांवरच अडलोय.

मान्य, लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिकशिवाय बरे होतात. हिरड्या शिवशिवतात तेव्हा मुलं मिळेल ते तोंडात घालतात, हेही मान्य. पण मग पोटात गेला तो जंतूच ना?

आणि ते थांबवायचं औषध! त्या पहाटे मीही चमचा भरून उभी होते. त्याने आतडं मंदावतं, जुलाब थांबल्यासारखे वाटतात आणि जंतू आतच राहतात. घरात उरलेलं अँटिबायोटिकही देऊ नका. शिगेलाला ते लागतं, पण ई. कोलायच्या काही जातींत त्यानेच मूत्रपिंडावर बेतू शकतं. कोणता जंतू आहे हे ग्रुपवर बसून कसं कळणार?

बहिणीवर राग नाहीये माझा. तिने निदान विचारलं, मी तर विचारलंही नव्हतं. तिला फोन केला. म्हटलं, ओआरएस चमच्या-चमच्याने दे, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत दे, अंगावरचं दूध तोडू नकोस. मग डायपर नीट बघायला लावला. रक्त नाही म्हणाली. "आणि शू?"

गप्प झाली. सकाळपासून झालीच नव्हती. म्हणजे अंगातलं पाणी कमी पडत होतं.

आता दवाखान्यात आहोत. आत सलाईन लावलंय बाळाला. झिंकही सुरू करणार आहेत. मी बाहेर बाकावर बसून हे टाइप करतेय, आणि ग्रुपवर अजून दातांचंच चाललंय.