एसटीचे 58 आणि वैमानिकाचे 65

व्हॉट्सअॅपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. एसटीचा चालक 58व्या वर्षी निवृत्त होतो, मग शेकडो जीव हाती असलेला वैमानिक 65पर्यंत का उडतो, असा त्यात प्रश्न आहे. ही कंपन्यांच्या फायद्याची सवलत आहे, साठीनंतर झटका आला की विमान कोसळणार, तेव्हा वैमानिकालाही 58व्या वर्षी घरी बसवून तरुणांना जागा द्यावी, असे पुढे म्हटले आहे.

मुळात 58 हा आकडा सेवानियमाचा आहे. राज्याचे बहुतेक कर्मचारी 58व्या, केंद्राचे 60व्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश 65व्या वर्षी निवृत्त होतात. मंत्रालयातून न्यायालयात गेल्याने कोणाचे डोळे सात वर्षे जास्त टिकत नाहीत. आमच्या गल्लीतले एक काका वर्षानुवर्षे आंबा घाटातून रत्नागिरीची एसटी चालवत होते. निवृत्तीनंतर महिनाभरातच ते वऱ्हाडाची ट्रॅव्हलर घेऊन त्याच घाटात उतरू लागले आणि त्यांना कोणी अडवले नाही, कारण नियम नोकरीपुरता होता, लायसन्स शाबूत होते. वैमानिकाच्या बाबतीत 65 ही मर्यादा थेट परवान्यावर आहे. ती ओलांडल्यावर कंपनी बदलूनही प्रवासी विमान चालवता येत नाही.

ही सवलत कंपन्यांनी मिळवली, हे अर्धसत्य आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2006मध्ये मर्यादा 60वरून 65वर नेली, ती साठीपुढच्या वैमानिकासोबतचा दुसरा वैमानिक साठीखालचा असावा या अटीसह, आणि ही अट 2014मध्ये काढली. कंपन्यांची सोय झाली, हे मान्य. पण अमेरिकेत 67ची मागणी होऊनही 2024च्या कायद्यात 65च कायम राहिले.

खरा विचार करण्याजोगा मुद्दा झटक्याचा आहे. वयाबरोबर धोका वाढतो, आणि म्हणूनच साठीनंतर वैद्यकीय तपासणी वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी होते. मात्र संदेश लिहिणारा कॉकपिटमधली दुसरी खुर्ची विसरला. जून 2009मध्ये ब्रसेल्सहून अमेरिकेतल्या नेवार्ककडे निघालेल्या कॉन्टिनेंटल कंपनीच्या विमानात 60 वर्षांच्या कॅप्टनचा अटलांटिकवर मृत्यू झाला, आणि सहकारी वैमानिकांनी विमान 247 प्रवाशांसह नेवार्कलाच सुखरूप उतरवले. एक जण निपचित पडला तर दुसऱ्याने काय करायचे, याचा सराव सिम्युलेटरमध्ये करून घेतलेला असतो. घाटात काकांच्या मागे होता तो तिकिटे फाडणारा वाहक.

जाता जाता, जानेवारी 2009मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर विमान उतरवणारे वैमानिक सलेनबर्गर यांना 58 पूर्ण होण्यास आठच दिवस उरले होते. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, पण या संदेशाच्या हिशेबाने ते पुढच्या आठवड्यात घरी बसले असते.

राहिला तरुणांच्या जागांचा मुद्दा. आपल्याकडे व्यावसायिक परवाना 200 तासांच्या उड्डाणावर मिळतो, तर कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याला 1500 तास लागतात. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणाऱ्या विमानाची डावी, म्हणजे कॅप्टनची, खुर्ची उद्या रिकामी झाली, तरी 200 तासांचा परवाना घेऊन नोकरी शोधणाऱ्या मुलाला तिच्यावर बसता येणार नाही.