पाला जाळून ऑक्सिजन वाचत नाही

'निसर्गाचा ऑक्सिजन हिशेब: प्रत्येक शिक्षकाने वर्गात वाचून दाखवावा' या मथळ्याचा मेसेज सध्या पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी गप्प बसले. सकाळच्या फुलांच्या फोटोंसारखाच तोही वर सरकून जाईल असं वाटलं. पण नववीतल्या भाचीने त्यातली वाक्यं विज्ञान प्रकल्पाच्या तक्त्यावर ठळक अक्षरात उतरवली आणि वर सांगितलं, "मावशी, हे टीचरनीच पाठवलंय." मी स्वतः नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो. तुळस पहाटे ओझोन सोडते. जगाचा २० टक्के ऑक्सिजन ॲमेझॉनच्या जंगलातून येतो. झाडाखाली सडणारा पाला ऑक्सिजन खातो आणि विषारी वायू सोडतो, म्हणून तो रोज गोळा करून जाळावा. टेकड्यांवरचं गवत निरुपयोगी असतं, ते काढून तिथे पिंपळ लावावेत. आणि शेवटी, अर्थातच, 'नासाने मान्य केले आहे'.

पाल्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर अज्ञान वाढेल, या मुद्द्याने खोकला वाढतो. मेसेज आला त्याच आठवड्यात आमच्या पार्किंगमागे पाल्याचा ढीग पेटवला गेला. झाडणाऱ्या मावशींना तसं सांगणारे काका ग्रुपवर सगळ्यात जास्त अंगठे मिळवून गेले.

पाला कुजताना ऑक्सिजन वापरला जातो, हे खरं आहे. एवढं मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. पण काका, जाळताना काय वापरलं जातं? तोच ऑक्सिजन, जवळपास तेवढाच. पानातला कार्बन ऑक्सिजनशी जोडला जाऊन कार्बन डायऑक्साइड होणार, हे दोन्हीकडे सारखंच. कुजण्याला काही महिने लागतात, जाळायला दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत पानातला बराचसा नायट्रोजन धुराबरोबर उडून जातो, हाती उरते ती पोटॅशची थोडी राख. उघड्यावरच्या, हवा खेळणाऱ्या ढिगातून निघतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, जो आपण उच्छ्वासातूनही सोडतो. खरा विषारी वायू, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, निघतो तो अर्धवट जळणाऱ्या ओल्या पाल्यातून. म्हणजे रोगापेक्षा औषध जहाल. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि त्यासाठी ५,००० रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,०००.

ज्या ढिगाची एवढी किळस वाटते तो एकदा काठीने उलटून बघा. वरची पानं कुरकुरीत. त्याखालची ओलसर, एकमेकांना चिकटलेली, त्यांच्यामधून बुरशीचे पांढरे धागे गेलेले. आणखी खाली वाणी किडे, गांडुळं आणि पान म्हणून ओळखूच येणार नाही असा काळा भुगा. लहानपणी वहीत जपून ठेवलेलं पिंपळाचं जाळीचं पान आठवतं? ती जाळी सूक्ष्मजीवांनीच केलेली असते. पानाचा मऊ भाग ते खातात, शिरा तेवढ्या उरतात. पिंपळाची आरती ओवाळणारा मेसेज त्याच पिंपळाचं पान जाळायला सांगतो, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलं नसावं.

वर्गात हे दाखवायला खर्च नाही. झाकणाच्या बरणीत ओला पाला आणि एका वाटीत चुन्याची निवळी ठेवायची. शेजारच्या बरणीत नुसती निवळी. काही दिवसांत पाल्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याच्याजवळची निवळी दुधाळ होते, दुसरीत फारसा फरक पडत नाही. राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात 'परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह' या प्रकरणात ऑक्सिजन चक्र आणि कार्बन चक्र दोन्ही आहेत. ते पुस्तक काढणाऱ्या बालभारतीचं कार्यालय इथे सेनापती बापट रस्त्यावर आहे, आणि आपण विज्ञान शिकतोय ते फॉरवर्डमधून!

'झाड म्हणजे ऑक्सिजनचा कारखाना' या कल्पनेची सगळ्यात महागडी परीक्षा अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात झाली. 'बायोस्फिअर २' नावाच्या काचेच्या हवाबंद वास्तूत सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी राहायला गेली. आत छोटं वर्षावन होतं, शेती होती, चिमुकला समुद्रही होता. हिरवाईची काही कमी नव्हती. तरी सुमारे सोळा महिन्यांत आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास घसरला, माणसांना धाप लागू लागली आणि बाहेरून ऑक्सिजन आणून सोडावा लागला. गेला कुठे? शेतीसाठी मुद्दाम सेंद्रिय खत भरभरून घातलेल्या मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तो वापरला. त्यातून जो कार्बन डायऑक्साइड निघाला तो झाडांकडे परत जायचा, पण इमारतीच्या उघड्या काँक्रीटने तो शोषून घेतला. जेफ सेव्हरिंगहाउस या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ही चोरी उघडकीला आणली. झाडं, माती, जंतू, पाणी आणि दगड यांची देवाणघेवाण जुळली नाही, तर नुसती झाडं लावून भागत नाही.

मग आपण बाहेर गुदमरत का नाही? कारण बाहेरची शिल्लक अफाट आहे. पृथ्वीवरची सगळी झाडंझुडपं एकाच वेळी जाळली तरी हवेतला ऑक्सिजन एक टक्कासुद्धा कमी होणार नाही. ही शिल्लक कोट्यवधी वर्षांत साठली. मेलेल्या जीवांचा अगदी थोडा भाग न कुजता समुद्रतळाच्या गाळात गाडला गेला, तेवढा ऑक्सिजन वर उरत गेला. सुरुवात केली ती सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंनी; हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. झाडांचा तेव्हा पत्ताही नव्हता. आजही जवळपास निम्मा ऑक्सिजन समुद्रातले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, तयार करतात. ॲमेझॉनचे २० टक्के यातच निकालात निघतात: ते जंगल जेवढा ऑक्सिजन बनवतं, जवळपास तेवढाच तिथल्या श्वसनात आणि कुजण्यात संपतो. ॲमेझॉन वाचवायचं ते पाऊस, कार्बन आणि तिथल्या जीवांसाठी.

पिंपळाचं पटकन उरकते. प्रकाशसंश्लेषणातला ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून येतो, हे रूबेन आणि केमन या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये दाखवलं. पाणी फोडायला प्रकाश लागतो. रात्री पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो. निवडुंग, घायपात, अननस रात्री पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात हे खरं, बहुधा तेच कुणीतरी पिंपळाला चिकटवलं असावं. पण ऑक्सिजन तेही दिवसाच सोडतात.

तुळशीला वास येतो तो तिच्यातल्या तेलांचा. ओझोन आपल्या कामाचा आहे तो डोक्यावर १५ ते ३५ किलोमीटरवर. नाकाजवळचा ओझोन फुप्फुसांना अपाय करतो, म्हणूनच हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकात तो प्रदूषक म्हणून मोजतात. तुळस खरंच ओझोन सोडत असती, तर वृंदावन दारातून हलवावं लागलं असतं.

टेकड्यांबद्दल एवढंच, की पुण्याच्या वेताळ टेकडीवर बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या खडकावर, मातीचा पातळ थर आहे आणि तो धरून ठेवतं ते गवत. पावसाळ्यात पाणी जिरायला तेच मदत करतं. आपल्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावून हिरवेपणा आणलाय, त्या दाट सावलीखाली गवत किती उरलंय ते जाऊन बघावं.

राहता राहिली नासा. तिथे १९८९ मध्ये झाडांवर एक अभ्यास झाला होता खरा. तो कुंडीत लावायच्या घरगुती झाडांवर होता, आणि बंद पेटीत ठेवल्यावर ती बेंझीन, फॉर्माल्डिहाइडसारखी रसायनं हवेतून काढून घेतात का, एवढंच त्यात तपासलं होतं. पहाटेचा ओझोन त्या पेटीत कुणी शोधला नव्हता.