बेलँजरची बॅट नका सांगू, ग्लोव्ह बघा

बेसबॉल बघणाऱ्यांत एक दावा सध्या फार फिरतोय. जुन्या जमान्यातले फक्त फिल्डिंगवर टीममध्ये टिकलेले खेळाडू म्हणजे निव्वळ आठवणींनी मोठे केलेले लोक, बॅट चालत नव्हती, टीमने त्यांना पोसलं, असा त्याचा सूर. पुरावा म्हणून हमखास बाल्टिमोर ओरिओल्स या टीमचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) मार्क बेलँजर पुढे केला जातो: १८ सीझन, बॅटिंग ॲव्हरेज .२२८ (म्हणजे हजार संधींत साधारण २२८ हिट), होम रन अवघे २०.

आकडे खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

बॅटिंगचं आधी घेतो. .२२८ हा आकडा आजच्या शेजारी ठेवून हसणाऱ्यांनी तो काळ बघावा. १९६८ साली अख्ख्या अमेरिकन लीगचं (दोन मोठ्या लीगांपैकी ओरिओल्सची) ॲव्हरेज .२३० होतं आणि .३०१ वर कार्ल यास्ट्रेमस्की पहिला आला. पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, पारडं इतकं जड झालं होतं की पुढच्या वर्षी पिचर ज्यावर उभा राहून चेंडू टाकतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. तरीही बेलँजर कच्चाच बॅट्समन होता, हे मी मान्य करतो. मॅनेजर अर्ल वीव्हर मोक्याच्या वेळी त्याच्या जागी दुसऱ्याला बॅटिंगला पाठवायचा.

मग तोच वीव्हर त्याला वर्षानुवर्षं शॉर्टवर (म्हणजे शॉर्टस्टॉपच्या जागी) का उभा करत होता? 'पोसलं' म्हणणारे या प्रश्नाला हातच घालत नाहीत. उत्तर जिम पामरच्या आकड्यांत आहे. पामर ओरिओल्सचा, हॉल ऑफ फेममधला (बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीतला) पिचर, २६८ विजय. त्याने ३,९४८ इनिंग टाकल्या, एका इनिंगला तीन आउट धरले तर साधारण ११,८०० आउट. त्यांतले स्ट्राइकआउट (पिचरने एकट्याने, चेंडू बॅटला नीट लागू न देता काढलेले) २,२१२. उरलेले नऊ हजारांवर आउट कुणी केले? बॅटला लागलेला चेंडू कुणीतरी अडवला, झेलला, फेकला, तेव्हाच ते झाले. पामरच्या कारकिर्दीतली बहुतेक वर्षं शॉर्टवर बेलँजर होता, तिसऱ्या बेसवर बरीच वर्षं ब्रूक्स रॉबिन्सन, सेंटर फील्डमध्ये पॉल ब्लेअर. १९७३ ते १९७५ अशी सलग तीन वर्षं या तिघांना आणि सेकंड बेसवरच्या बॉबी ग्रिचला गोल्ड ग्लोव्ह (त्या त्या जागेवरच्या सर्वोत्तम फिल्डरचं बक्षीस) मिळाला. एका टीमचे चौघे, तीन वर्षं! पिचरच्या नावावर लागलेल्या विजयांत या चौघांचा घाम आहे.

'आठवणींनी मोठे केले' हा आरोप मला वैयक्तिक लागतो, कारण माझ्याही आठवणी आहेत. मुंबईहून शिकायला गेलेला मी १९७५ च्या उन्हाळ्यात बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियममध्ये तिसऱ्या बेसच्या बाजूला, स्वस्तातल्या तिकिटावर बसायचो. पहिल्या दिवशी बेलँजर मला साधाच वाटला. उड्या नाहीत, लोळण नाही, कपड्यांना माती नाही. तिसऱ्या-चौथ्या मॅचला लक्षात आलं की चेंडू बॅटला लागायच्या आतच त्याचं एक पाऊल पडलेलं असतं. म्हणून सरपटी चेंडू त्याच्याकडे आल्यासारखा दिसायचा. प्रत्यक्षात तोच चेंडूकडे गेलेला असायचा. मी शॉर्ट लेगला एकनाथ सोलकर बघितला होता, त्यामुळे ही जात मला ओळखीची होती. सोलकरची टेस्टमधली सरासरी २५ च्या आसपास. पण २७ टेस्टमध्ये ५३ झेल घेणाऱ्याला कुणी टीमवरचं ओझं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

बरं, माझे डोळे भाबडे म्हणा. पण जुन्या मॅचच्या नोंदी चाळून अभ्यासकांनी नंतर फिल्डिंगने वाचवलेल्या रनांचे हिशेब मांडले, त्यांतही बेलँजरने सरासरी शॉर्टस्टॉपपेक्षा दोनशेहून जास्त रन वाचवलेले दिसतात. बचावाच्या एका प्रचलित हिशेबात तर त्याच्या पुढे एकटा ऑझी स्मिथ आहे. आठवणी आणि आकडे इथे एकाच बाजूला उभे आहेत. तरी १९८८ च्या हॉल ऑफ फेमच्या मतदानात त्याला पाच टक्के मतंही पडली नाहीत.

'इतके चांगले होते तर सगळ्यांना बक्षिसं का नाहीत?' असंही विचारतात. यांकीजचा क्लीट बॉयर घ्या. तिसऱ्या बेसवर गुडघ्यांवरून थ्रो करून आउट करणारा माणूस, पण लीग तीच, रॉबिन्सनची, आणि तिसऱ्या बेसचा गोल्ड ग्लोव्ह लीगमध्ये एकालाच. रॉबिन्सनने १९६० पासून सलग १६ गोल्ड ग्लोव्ह नेले. बॉयर दुसऱ्या लीगमध्ये अटलांटाला गेला आणि १९६९ साली त्याला तो मिळाला. उलट १९९९ साली फर्स्ट बेसवर फक्त २८ मॅच खेळलेल्या राफाएल पाल्मेरोला तिथला गोल्ड ग्लोव्ह दिला गेला. ती मतं त्याच्या बॅटला पडली होती.

राहिला शेवटचा दाखला, डेट्रॉइट टायगर्सच्या रे ओयलर या शॉर्टस्टॉपचा. १९६८ साली त्याचं ॲव्हरेज .१३५ होतं आणि वर्ल्ड सिरीजला (सीझनच्या अंतिम लढतीला) टायगर्सनी त्याला बसवून सेंटर फील्डच्या मिकी स्टॅन्लीला शॉर्टवर आणलं. बॅट नसलेल्याची किंमत बघा, असं म्हणून गोष्ट इथेच थांबवली जाते. ती इथे संपत नाही. टायगर्स आघाडीवर असले की शेवटच्या इनिंगमध्ये स्टॅन्ली परत सेंटर फील्डला जायचा आणि शॉर्टवर ओयलर यायचा. सात मॅचच्या त्या सिरीजमध्ये तो असा चार मॅचमध्ये उतरला. सिरीज टायगर्सनी जिंकली.