आधी गाडीची प्लेट बघा, मग लोखंड विका!

"गाडी कुठली? साल कुठलं? बॉल फिक्स हवा की काढता येणारा?" ब्रिटनमध्ये टोबारसाठी, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायचा बॉल असलेल्या लोखंडी बारसाठी, कुठेही फोन करा, हे तीन प्रश्न येतात आणि त्यांच्या पाठोपाठ थेट किंमत. मागे काय लावणार आहात, कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर), छोटा ट्रेलर की नुसत्या सायकली, हे कुणी विचारत नाही. या गाडीला मुळात काही ओढता येतं का, हे तर नाहीच नाही. हा धंदा वर्षानुवर्षं असाच चालू आहे आणि त्याची भरपाई घरची गाडी घेऊन निघालेली साधी माणसं करतात. गावाकडे ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना पिन टाकली की काम झालं, कारण ट्रॅक्टर त्यासाठीच बनलेला असतो. घरच्या गाडीचं तसं नसतं. तिथे टोबार म्हणजे थोडं लोखंड, बरीचशी वायरिंग आणि चार आकडे, आणि विकलं जातं ते फक्त लोखंड!

ते चार आकडे गाडीवरच छापलेले असतात. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली व्हीआयएन प्लेट, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची पट्टी असते, तिच्यावर चार वजनं एकाखाली एक. पहिलं, भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दुसरं, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन. तिसरं आणि चौथं पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवरचं. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. २,००० आणि ३,३०० असतील, तर गाडी पूर्ण भरलेली असताना मागे १,३०० किलो, बस. दुसरी ओळ कोरी असेल, शून्य असेल किंवा पहिल्याइतकीच असेल, तर कंपनीने त्या गाडीला ओढायचं रेटिंगच दिलेलं नाही. निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्या अशाच. ही वजाबाकी करायला अर्धं मिनिट लागतं. ती न करता ऑर्डर घेणाऱ्याला फिटर का म्हणायचं?

वर लायसन्सचं तुणतुणं. १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये कारच्या साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा लागत नाही. बरोबर आहे. पण हे वाक्य गिऱ्हाइकाला ऐकवून पुढे गप्प बसायचं, ही शुद्ध फसवणूक आहे. लायसन्स माणसाला मिळतं, गाडीला नाही! १,३०० किलो ओढणारी गाडी कायदा बदलला म्हणून ३,५०० ओढणारी होत नाही. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर मर्यादा आणखी खाली येते: ७५० किलो किंवा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मं, यातलं जे कमी असेल ते. रिकामी १,३०० किलो भरणाऱ्या हॅचबॅकला म्हणजे ६५०. बागेची माती नाहीतर फरशा भरलेला ट्रेलर तिथवर केव्हा पोचतो ते कळतसुद्धा नाही.

टोबारवरही एक लेबल असतं, तेही कुणी वाचून दाखवत नाही. १ ऑगस्ट १९९८ पासून नोंदल्या गेलेल्या गाड्यांना टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या नमुन्याला अधिकृत मंजुरी असलेलाच टोबार लागतो. लेबलवर वर्तुळात ई अक्षर आणि देशाचा आकडा, ५५आर हा नियम, आणि डी व एस या दोन किमती. डी म्हणजे ओढण्याचा जोर. भरलेल्या गाडीचं वजन गुणिले ट्रेलरचं वजन, भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले ९.८१, वजनं टनांत घ्यायची. वरच्याच उदाहरणात २ गुणिले १.३ भागिले ३.३, म्हणजे ७.७३ किलोन्यूटन. लेबलवरचा आकडा याहून कमी असेल तर तो बार त्या जोडीसाठी नाही, विषय संपला.

एस म्हणजे बॉलवर वरून पडणारा भार, ज्याला इथे नोज वेट म्हणतात. आपली मराठी कुटुंबं जिथे सर्वांत जास्त फसतात ती जागा ही. आपल्यातल्या बहुतेकांना कॅरॅव्हॅन नकोच असते. उन्हाळ्यात वेल्स नाहीतर लेक डिस्ट्रिक्टला मुलांच्या सायकली न्यायच्या असतात, त्यासाठी टोबारवर रॅक. दुकानात रॅकच्या खोक्यावर "४ सायकली, ६० किलो" लिहिलेलं असतं आणि तेवढंच दाखवतात. पण ६० ही रॅकची मर्यादा झाली, गाडीची नव्हे. बऱ्याच मध्यम गाड्यांचा नोज वेट ७५ किलो असतो. रॅक स्वतः २० किलोचा, त्यावर १४ किलोच्या चार सायकली म्हणजे ५६, बेरीज ७६. झाली मर्यादा पार! ई-बाइक २५ किलोची. दोन बसतात, तिसरी चढवली की ९५. त्यात रॅकचा भार बॉलच्या मागे लटकत असतो, म्हणून खड्ड्यात बॉलच्या मानेवर पिळा येतो तो वेगळाच. आणि बॉलवरचा प्रत्येक किलो गाडीच्या सामानात आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या वजनात धरायचा असतो. मागे तीन माणसं, डिकी गच्च भरलेली आणि वर हे ७५ किलो. चौथ्या ओळीचा आकडा कधीच मागे पडलेला असतो. गाडीची मर्यादा, बारचा एस आणि रॅकची मर्यादा, तिन्हींत सर्वांत कमी असेल ती खरी. दुकानदाराने हे सांगायला काय हरकत असते? चार सायकलींचा महागडा रॅक विकला जाणार नाही, एवढीच.

बॉलचा प्रकारही असाच खपवला जातो. दोन बोल्टांचा फ्लँज बॉल स्वस्त, म्हणून तो पुढे करायचा. पण सायकल रॅकचे बरेचसे क्लॅम्प हंसाच्या मानेसारख्या स्वान नेक बॉलसाठी बनलेले असतात. फ्लँजच्या आखूड मानेवर ते नीट बसत नाहीत. कॅरॅव्हॅनच्या स्टॅबिलायझर कपलिंगलाही (बॉलवर बसणारी, झुलणं आवरणारी पकड) मान लांब लागते, नाहीतर वळणावर कपलिंग फ्लँजला घासतं. त्या कपलिंगमध्ये घर्षणाचे पॅड असतात, त्यामुळे नव्या बॉलचा काळा रंग घासून काढायचा आणि ग्रीस अजिबात लावायचं नाही. साध्या कपलिंगला मात्र ग्रीस हवंच. या दोन ओळी बिलाच्या मागे छापायला कितीसा खर्च येतो? लोक रंगासकट जोडतात, मग करकर आवाज सुरू होतो, मग कुणीतरी सांगतं "थोडं ग्रीस लावा", आणि पॅडची वाट लागते.

काढता येणाऱ्या बॉलबद्दल एवढंच: किल्लीचा नंबर पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, आणि बॉल काढल्यावर खालच्या भोकाला झाकण लावा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते आत गेलं की यंत्रणा जाम होते आणि बॉल अर्धवट अडकून बसतो.

आता वायरिंग. खरा राग इथे आहे.

अनेक गाड्यांत वायरिंगचा खर्च लोखंडापेक्षा जास्त येतो, म्हणून किंमत कमी दाखवायला पहिली काटछाट इथेच होते. "युनिव्हर्सल किट विथ बायपास रिले" म्हणजे गाडीच्या मागच्या दिव्यांच्या वायरींना क्लिप चिमटवून सिग्नल चोरायचा आणि ट्रेलरच्या दिव्यांना बॅटरीवरून वेगळा करंट द्यायचा. दिवे लागतात, हे खरं. पण गाडीला कळतच नाही की मागे काही जोडलंय! मग रॅक लावून रिव्हर्स टाकला की सेन्सर अखंड किंचाळतात. ज्या गाड्यांत मागे आपोआप ब्रेक लावायची सोय आहे, त्या स्वतःच्याच सायकलींना भिंत समजून जागच्या जागी गचकन थांबतात. गाडीचा मागचा फॉग लॅम्प बंद होत नाही, त्याचा उजेड रॅकवर आपटून आरशातून चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत येतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे ट्रेलर झुलायला लागल्यावर चाकांना आळीपाळीने ब्रेक लावून त्याला सावरणारी प्रणाली जागीच होत नाही. ती गाडीत आहे, तिचे पैसे दिलेले आहेत, आणि एका स्वस्त रिलेमुळे ती मोटरवेवर झोपलेली आहे. याला काटकसर म्हणत नाहीत!

गाडीसाठीच बनलेलं डेडिकेटेड किट कॅन बसला, म्हणजे गाडीतल्या कंप्युटरांना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरींना, जोडलं जातं. त्याला कोडिंग लागतं, म्हणजे गाडीच्या कंप्युटरला "आता टोबार आहे" असं सांगावं लागतं. काही फिटर किट बसवतात आणि कोडिंग गाळतात, कारण त्याचं यंत्र किंवा ऑनलाइन परवाना त्यांच्याकडे नसतो. "दिवे लागले ना?" लागले. बाकीचं झोपलेलंच राहिलं.

१३ पिनची लबाडी तर चीड आणणारी आहे. ट्रेलरचा प्लग लावायचा सॉकेट १३ पिनचा बसवतात आणि वायरी आठच सोडतात! १ ते ८ पर्यंत दिवे: डावा इंडिकेटर, फॉग, अर्थिंग, उजवा इंडिकेटर, उजवा टेल, ब्रेक, डावा टेल, रिव्हर्स. ९ म्हणजे कायमचा करंट, १० म्हणजे इंजिन चालू असतानाचा, १३ आणि ११ अनुक्रमे त्यांच्या अर्थिंगच्या. या जाड वायरी, २.५ चौरस मिलिमीटरच्या, स्वतंत्र फ्यूजसकट बॅटरीपर्यंत न्याव्या लागतात, म्हणजे आतलं ट्रिम उघडावं लागतं, म्हणजे वेळ जातो. म्हणून त्या नसतातच. सायकल रॅकवाल्याला फरक पडत नाही, पण कॅरॅव्हॅनवाल्याचा फ्रिज वाटेत थंड होत नाही आणि आतली बॅटरी चार्ज होत नाही. बिलावर मात्र "१३ पिन" असं ठळक लिहिलेलं.

अर्थिंगचं तेच. डावा इंडिकेटर दिला की टेल लॅम्प पण लुकलुकतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, अशी तक्रार आली की लोक बल्ब बदलत बसतात. दहातल्या नऊ वेळा दोष अर्थिंगचाच असतो. बोल्टखालचा रंग खरवडलेला नसतो, म्हणून करंट दुसऱ्या दिव्यातून परतीची वाट शोधतो. पत्रा चकचकीत घासून, रिंग टर्मिनल घट्ट करून वर मेण मारलं की भूत पळतं. आणि वायरींचा जुडगा, म्हणजे हार्नेस, ज्या भोकातून बाहेर येतो तिथे रबरी ग्रोमेट नीट बसवला नाही, वायरीला खाली झोळ दिला नाही, तर पावसाचं पाणी वायरीवरून सरळ आत येतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. सहा महिन्यांनी डिकीत कुबट वास. तोपर्यंत फिटरने हात झटकलेले असतात.

लोखंड बसवणं त्यामानाने सरळ आहे, म्हणून तिथली हयगय जास्त संतापजनक. मागचा बंपर काढायचा: चाकांच्या कमानीतले टॉर्क्स स्क्रू, खालच्या क्लिपा, दिव्यांखालचे बोल्ट, सेन्सरचा प्लग. दोन माणसं हवीत. एकट्याने ओढला की कोपरे चरे काढतात आणि क्लिपा तुटतात. मग बंपर पुन्हा बसतो तो एका बाजूला तीन मिलिमीटर उघडा. बऱ्याच गाड्यांत आतला क्रॅश बीम निघतो आणि त्याच्या जागी टोबारची आडवी बीम येते. ती चासीच्या आत, कंपनीने ठरवलेल्या सगळ्या भोकांत बसली पाहिजे. एक बोल्ट पोचत नाही म्हणून सोडून दिला, हे चालणार नाही! बोल्ट आधी सगळे हाताने लावायचे, बीम मधोमध आणायची, मग टॉर्क पान्याने आवळायचे. किटच्या कागदावर आकडे असतात, साधारण ८.८ ग्रेडच्या एम १० (१० मिलिमीटरच्या) बोल्टला पन्नासएक न्यूटनमीटर, एम १२ ला ऐंशीच्या आसपास. इम्पॅक्ट गनने घर्रर्र करून सोडणाऱ्याने तो कागद वाचलेलाच नसतो. कुठे नवीन भोक पाडलं तर कडेला प्रायमर आणि आत कॅव्हिटी वॅक्स, नाहीतर दोन हिवाळ्यांत गंज.

बंपर कापायचा असेल तर टेम्प्लेट मध्यरेषेवर लावून, मास्किंग टेप चिकटवून, आधी छोटा काप घ्यायचा. पाय हलवून डिकी उघडायची सोय असलेल्या गाड्यांत त्याची सेन्सर पट्टी नेमकी तिथेच असते. ती कापली की सोय गेली, आणि सांगणार कोण? बंपर बसवल्यावर बॉलच्या मध्यापर्यंतची उंची मोजायची: भरलेल्या गाडीत जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर.

शोरूमचा सेल्समनही या पापात भागीदार आहे. "टोबार काय, नंतर कधीही बसेल," असं तो सांगतो. काही मॉडेलना टोइंगसाठी जास्त क्षमतेचा कूलिंग फॅन आणि तयार वायरिंग कारखान्यातच घालतात. ते नंतर घालायला गेलं की दुप्पट त्रास. गाडी लीजवर किंवा पीसीपी या हप्त्यांच्या योजनेवर असेल, जशी इथे नव्याने आलेल्या अनेकांची असते, तर फायनान्स कंपनीची लेखी परवानगी आधी, बंपर कापणं नंतर. विमा कंपनीला कळवणंही तेव्हाच. हे तो सांगत नाही, कारण त्याला फक्त सही हवी असते.

म्हणून पैसे देण्याआधी फिटरसमोर उभं राहा. टेस्टर सॉकेटला लावून वर सांगितलेल्या सगळ्या पिना एकेक करून दाखवायला सांगा, ९ आणि १० वर मीटर धरायला लावा. प्लग लावून रिव्हर्स टाका. सेन्सर गप्प झाले पाहिजेत. फॉग लावा, गाडीचा विझून मागचा पेटला पाहिजे. इंडिकेटरची खूण डॅशबोर्डवर किंवा कानाला आली पाहिजे. सूचनांचा कागद आणि लेबलचा फोटो मागून घ्या. हजार किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क करून देणार का, हे बिलावर लिहून घ्या. तो म्हणेल, "याची गरज नसते." कागदावर गरज आहे असं छापलेलं असतं, त्याच्याच किटच्या कागदावर!