तीन मुलांवरून जगाचा नियम? नागपूरच्या महाल भागातल्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मुलांची समज कशी वाढते याचा अभ्यास करणारा स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया लांबलचक होती आणि तळमळीची होती. तिला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना, म्हणून हे स्वतंत्र लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा: "पियाजेने घरच्या तीन लेकरांकडे पाहून साऱ्या जगाच्या मुलांचे नियम सांगितले, याला शास्त्र म्हणायचं का? एक सिद्धांत येतो, दुसरा त्याला पाडतो, त्या मार्शमेलोच्या प्रयोगाचीही आता वाट लागली. आमच्या वाड्यात दहा पोट्टे एका आजीच्या हाताखाली वाढले, कोणाचं काही अडलं नाही. उलट तुमच्यासारख्यांचे तक्ते वाचून माझी सून रडत बसली होती, कारण नातू सव्वा वर्षाचा झाला तरी चालत नव्हता."

सुनेपासूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळा वाद पुस्तकी आहे आणि हे रडणं खरं आहे.

'बाळ बारा महिन्यांत चालतं' असं तिने कुठेतरी वाचलं असणार. हे वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. बारा महिने ही सरासरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली 816 मुलं होती. आपल्याकडची मुलं दिल्लीतली. प्रशिक्षित माणसं बाळ चार महिन्यांचं झाल्यापासून वर्षाचं होईपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर दोन महिन्यांनी घरी जाऊन मूल काय करतं ते स्वतः पाहत होती. आईच्या आठवणीवर सगळं सोडलेलं नव्हतं. त्यातून निघालं की निरोगी मूल आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ सुमारे 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेला असतो. शंभरातली 98 मुलं या पट्ट्यात येतात. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालायला लागली. तुमचा नातू पंधरा महिन्यांचा होता, म्हणजे पट्ट्याच्या बराच आत. सुनेला रडवलं ते एका तुटक आकड्याने. संशोधन तिच्यापर्यंत नीट पोहोचलं असतं तर तिला धीरच मिळाला असता.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. या अभ्यासातली मुलं मुद्दामच खाऊन-पिऊन सुखी घरांतली निवडलेली होती. मेळघाटातलं एखादं मूल उशिरा चालत असेल तर 'पट्ट्यात बसतं' म्हणून गप्प बसता येणार नाही, त्याच्या पोटात काय जातंय ते आधी पाहावं लागेल. आणि कुठल्याही घरातलं मूल दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल, किंवा आलेली गोष्ट विसरू लागलं असेल, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

आता पियाजे. तान्ह्या बाळांबद्दल त्याने जे लिहिलं ते मुख्यतः जॅकलीन, ल्युसिएन आणि लॉरेंट या त्याच्या तीन मुलांच्या निरीक्षणांवरून, हे अगदी खरं. पत्नी व्हॅलेंटाईन हीही त्या नोंदींत सहभागी होती. पण मोठ्या मुलांबद्दलचं त्याचं काम जिनिव्हातल्या कितीतरी मुलांशी बोलून झालेलं आहे. त्याची सुरुवात पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यांचं काम करताना झाली. इतरांचं लक्ष बरोबर उत्तरांच्या बेरजेकडे होतं आणि याला चुकांचं कुतूहल वाटलं. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने का चुकतात? तीन मुलांवरून नियम सिद्ध होत नाही, पण तीन मुलांकडे इतकं बारीक पाहिलं तर नेमका प्रश्न हाती लागतो. तो इतका नेमका होता की पुढच्यांना तो खोडून काढता आला. मला पियाजे मोठा वाटतो तो यासाठी.

तो कसा खोडला गेला हे तुम्हाला सांगायची मला खास उत्सुकता आहे, कारण तुम्ही पहिली-दुसरीचे वर्ग घेतले आहेत. पियाजेचा प्रसिद्ध प्रयोग असा: दोन सारख्या ग्लासांत सारखं सरबत. मुलाला विचारायचं, सारखंच आहे ना? ते हो म्हणतं. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ग्लासातलं सरबत उंच, निमुळत्या ग्लासात ओतायचं आणि पुन्हा विचारायचं. पाच वर्षांचं मूल म्हणतं, उंच ग्लासात जास्त आहे. पियाजेचा निष्कर्ष असा की आकार बदलला तरी प्रमाण तेच राहतं, हे या वयाला कळत नाही.

1974 मध्ये सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी एवढंच केलं की प्रश्न एकदाच विचारला, बदल झाल्यावर. मुलांच्या चुका कमी झाल्या. का, ते वर्गात उभं राहिलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. बाईंनी तोच प्रश्न परत विचारला की पोरगं लगेच उत्तर बदलतं, कारण पहिलं चुकलं असणार असं त्याला वाटतं. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या आणि त्यांतली एक रांग एका खोडकर टेडी अस्वलाकडून 'चुकून' विस्कटवली. मोठ्या माणसाने मुद्दाम रांग हलवली की बहुतेक मुलं चुकत. टेडीने गोंधळ घातला तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मुलं सोंगट्यांइतकंच समोरच्या मोठ्या माणसालाही वाचत होती.

तान्ह्यांच्या बाबतीतही तेच झालं. चादरीखाली लपवलेली वस्तू बाळ शोधत नाही, म्हणून त्याच्या लेखी ती उरलेलीच नाही, असं पियाजे म्हणत होता. पण शोधायला हात वळावे लागतात. रेने बैलार्जों आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हातांऐवजी नजर मोजली. मागे कलणाऱ्या पडद्यामागे खोकं असतानाही पडदा त्याच्यातून आरपार गेल्यासारखा दिसला, तेव्हा पाच महिन्यांची बाळं जास्त वेळ टक लावून पाहत राहिली. त्या टक लावण्याचा अर्थ काय, यावर अजून भांडण चालू आहे आणि ते चालू राहायलाच हवं.

'एक सिद्धांत दुसऱ्याला पाडतो' असं तुम्ही दोष म्हणून लिहिलंत, सर. पण वरच्या प्रत्येक वेळी मूल आधी वाटलं होतं त्यापेक्षा शहाणं निघालं आणि विचारण्याची पद्धत तोकडी ठरली. मुलाला 'कळत नाही' असा शिक्का मारण्याआधी आपण विचारलं कसं हे तपासायचं, या सवयीसाठी मी बालविकास हा विषय शिकवते.

मार्शमेलोबद्दल थोडक्यात. मुलापुढे एक मार्शमेलो, म्हणजे एक मऊ गोड खाऊ, ठेवायचा आणि 'थोडं थांबलास तर दोन मिळतील' असं सांगायचं; जी मुलं थांबतात ती पुढे जास्त यशस्वी होतात, असं त्या प्रयोगावरून म्हटलं गेलं. तो गाजलेला निष्कर्ष स्टॅनफर्डच्या आवारातल्या बालवाडीतल्या, बहुतांशी विद्यापीठातल्या लोकांच्या मुलांवरून निघाला होता. 2018 मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी 900 हून अधिक मुलांची माहिती तपासली. थांबू शकण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध निम्माच निघाला आणि घरची परिस्थिती वगैरे लक्षात घेतल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश गळाला. त्याच वर्षी कॅमेरूनमधल्या एन्सो शेतकरी कुटुंबांतल्या चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास आला. जवळपास 70 टक्के मुलं खाऊसाठी थांबली, जर्मन मुलांमध्ये थांबणारी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होती. 'संयमाचे धडे' म्हणून नागपुरात पालकांकडून फी घेणाऱ्या शिबिरांना हे आकडे कुणीतरी दाखवायला हवेत. पाश्चात्त्य मध्यमवर्गीय मुलं म्हणजे सगळ्या जगाची मुलं, हे गृहीत धरण्यावरचा तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे. तो राग या क्षेत्रातल्याच लोकांनी आकडेवारीनिशी मांडला आहे.

राहिली आजी. मीही आजीच्या मांडीवर 'अडगुलं मडगुलं' ऐकत वाढले, तेव्हा आजीविरुद्ध बोलायला माझी जीभ रेटत नाही. पण आजीकडे सगळंच होतं. ती बाळाशी दिवसभर बोलायची, तेल लावायची, 'इथे इथे बस रे मोरा' म्हणत तळहातावर बोट नाचवायची. कित्येक घरांत तीच आजी पहिलं चिकाचं दूध फेकून द्यायला लावायची आणि तान्ह्याच्या जिभेला मध लावायची. चीक हे बाळाला रोगांपासून वाचवणारं पहिलं दूध, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम या जीवघेण्या ठरू शकणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. दोन्ही गोष्टी ती सारख्याच मायेने करत होती. यातलं ठेवायचं काय आणि सोडायचं काय, हे माया सांगू शकत नाही. त्यासाठी मोजावं लागतं.

आपल्या विदर्भातच हे झालं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या चमूने 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि 47 गावांत सरकारी सेवा होती तशीच ठेवून तुलना केली. पहिल्या महिन्यातले बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. तुलनेची गावं नसती तर 'बायांमुळे झालं' हे कुणी मानलं नसतं.

आणि आजीच्या बाजूने लागलेला निकाल जमैकातला आहे. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या, वाढ खुंटलेल्या 129 मुलांचे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडले. काही गटांत आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला घरी जायची आणि घरगुती वस्तूंच्या खेळण्यांनी लेकराशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, हे आईला दाखवायची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई बाकीच्यांपेक्षा 25 टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे बोलणं आणि खेळणं, आजीच्या दिवसातला तो भाग.

तुमच्या वाड्यात यातलं काय कामाचं हे वेगळं काढायची गरज पडली नाही, कारण मुलाला सगळंच मिळत होतं. नागपूरच्या बेसा, मनीषनगरातल्या फ्लॅटमध्ये आई-बाप दोघंच असतात, दोघंही संध्याकाळी सातला दमून घरी येतात आणि हाताशी तासभर असतो. त्या तासात काय करावं, असं ते मला विचारतात. 'आजीसारखं वागा' हे उत्तर त्यांच्या उपयोगाचं नाही. 'फोन बाजूला ठेवा, त्याच्याशी बोला, त्याने आवाज काढला की त्याला उत्तर द्या' हे आहे.

सर, एक विनंती करते. वाड्यात पाच-सहा वर्षांची पोरं असतीलच. संत्र्याचं सरबत आणि तीन ग्लास घ्या. निम्म्या मुलांना ओतण्याआधी आणि ओतल्यानंतर असं दोनदा विचारा, उरलेल्यांना फक्त ओतल्यानंतर. कोणाला कसं विचारायचं ते नाणं उडवून ठरवा, म्हणजे हुशार वाटणारी एकाच गटात जाणार नाहीत. प्रत्येकाला वेगळं बसवा, नाहीतर ती एकमेकांचं ऐकून सांगतील. मुलं जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि इथेच खाली टाका. चुकीच्या उत्तरांमागची कारणं मला जास्त हवी आहेत.