घरी जनावरं आहेत का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या अण्णांना ताप लागला तो तीन महिने हटेना. संध्याकाळी चढायचा, रात्री बनियन घामाने पिळून निघायचा, कंबर तर धरलेलीच. टायफॉइडच्या गोळ्या झाल्या, टीबीच्या तपासण्या झाल्या. पुण्यात तीन डॉक्टर झाले. घरी जनावरं आहेत का, हे एकानेही विचारलं नाही.

विचारलं ते ओळखीच्या एका मॅडमनी. त्या जनावरांच्या डॉक्टर. कॉलेजात शिकवतात आणि जनावरांतून माणसांत येणाऱ्या आजारांवर संशोधन करतात. त्यांचा पुढचाच प्रश्न होता, "एखादी गाय गाभडली होती का?" म्हणजे दिवस भरायच्या आधीच गर्भ टाकला होता का.

गाभडली होती, सातव्या महिन्यात. जार, म्हणजे वासराची वार, आत अडकला होता, तो अण्णांनी कोपरापर्यंत हात घालून काढला. मोजे वगैरे काही नाही. आमच्या शिरूरकडे सगळे तसाच काढतात.

मॅडम स्वतः गोठ्यावर आल्या. गाईचं रक्त घेतलं. त्याच्या सीरमचा, म्हणजे रक्तावर सुटणाऱ्या पाण्याचा, एक थेंब पांढऱ्या टाइलवर, त्यात रोझ बेंगाल नावाच्या तपासणीच्या औषधाचा गुलाबी थेंब, काडीने कालवलं. चार मिनिटांच्या आत त्या गुलाबीत रव्यासारखे दाणे दिसायला लागले. ब्रुसेलोसिस, म्हणजे गाईला गाभडवणारा आणि तिच्यापासून माणसाला ताप आणणारा जंतूचा आजार. मग अण्णांचं रक्त तपासलं, तेच निघालं. सहा आठवडे दोन औषधं चालली, आता ते बरे आहेत.

जंतू काही नवा नाही. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरला तो माल्टा बेटावर तापाने गेलेल्या सैनिकांत सापडला. पण तो बकऱ्यांच्या दुधातून येतो हे कळायला 1905 उजाडलं. अठरा वर्षं माणसंच तपासत बसले! मला राग येतो तो याचा, की आपण अजून तिथेच आहोत. कोविडनंतर पुण्याच्या विषाणू संस्थेचं नाव पोराटोरांना पाठ झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण शेणातून वाट काढत रक्ताच्या नळ्या गोळा करणाऱ्या बाईंचं काम माणसांच्या दवाखान्यापर्यंत पोचतच नाही.

आणि आपलंही चुकतंच. गाय गाभडली की गुपचूप बाजार दाखवायचा, म्हणजे आजार दुसऱ्याच्या दावणीला. मोठ्या किमतीची गाय, हप्ते चालू, मला ते कळतं. तरी चूक ती चूकच. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदाच टोचायची लस आहे, सरकारी मोहिमेत मिळते. दूध नीट उकळलं की जंतू मरतो. धारोष्ण दुधाचं कौतुक कृपा करून थांबवा.

आमच्या दोन्ही कालवडींना लस झाली. लांब बाह्यांचे हातमोजे अण्णांनी गोठ्यातल्या खुंटीला टांगलेत. रविवारी मॅडम पुन्हा येणार आहेत. शेजारच्या दोन गोठ्यांत गाई गाभडल्यात, त्यातला एकच जण रक्त घेऊ द्यायला तयार झालाय. दुसऱ्याकडे आज संध्याकाळी अण्णा स्वतः जाऊन बसणार आहेत.