काकांचं प्रात्यक्षिक

एक चांगलं पिकलेलं केळं, एक अंडं, तीन चमचे ओट्सची भरड. केळं काट्याने कुस्करायचं, अंडं फेटून घालायचं, भरड मिसळून पाच मिनिटं मुरू द्यायचं. यात तळहाताहून लहान असे सहा पॅनकेक होतात. दोन वर्षांच्या मुलाला दोन पुरतात. आज सकाळी लेकीच्या ताटलीत मी चार वाढले होते. चारही संपले. लेकीने एकही खाल्ला नाही.

वरच्या मजल्यावरचे काका पान्हा परत द्यायला आले होते. नळाचा पान्हा. मुलांच्या खाण्यावरच्या लेखात हा खुलासा केलेला बरा.

"खात नाही वाटतं?" काका खुर्ची ओढत म्हणाले.

"खाते. वेळ घेते."

"म्हणजे खात नाही. अरे, मुलं बघून शिकतात. आपण खाऊन दाखवायचं असतं."

दुखणं हे की, काका चुकीचं बोलत नव्हते. घरातलं मोठं माणूस तोच पदार्थ शेजारी बसून खाताना दिसलं, तर मूल तो चाखायला लवकर धजावतं. फक्त मोठ्या माणसाने तो स्वतःच्या ताटलीतून खावा, हे मला बोलायला जमलं नाही.

"हा घास कोणाचा? काकांचा!" पहिला पॅनकेक गेला. लेकीने आश्चर्याने आ वासला. मी चमचा पुढे नेईपर्यंत मिटलाही.

"यात मीठ नाही रे," दुसरा चावत काका म्हणाले.

"मुद्दाम नाही घातलं."

"म्हणून ती खात नाही."

"तुम्ही तर खाताय."

"मी अंदाज घेतोय."

मिठाचं मी सांगायला गेलो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्यानुसार 1 ते 3 वर्षांच्या मुलांना दिवसभरात 2 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, आणि त्यातलं बरंचसं ब्रेड नि चीजमधूनच पोटात जातं. काकांनी हे मन लावून ऐकलं आणि तिसरा उचलला. "हा जरा करपलाय."

करपला होता, कबूल. केळं जितकं पिकलेलं तितकी त्यात साखर जास्त, त्यामुळे आच मोठी झाली की आतलं अंडं शिजायच्या आधी बाहेरून काळं पडतं. मंद आच, वर झाकण, दोन मिनिटं, कडा कोरड्या दिसल्या की उलटायचं. आकार वाढवायचा मोह टाळायचा, कारण सगळा डोलारा त्या एका अंड्यावर उभा असतो. मोठा पॅनकेक उलटताना मोडतो, आणि मोडलेला पॅनकेक आमच्याकडे अन्नात मोजत नाहीत. मोडलेल्या केळ्याचंही तेच. ते परत जोडून मागितलं जातं.

तरी हा पदार्थ सोपा. बटाट्याने मला जास्त छळलंय. उकडलेला बटाटा घाईत मिक्सरमधून काढला, तर त्यातल्या स्टार्चचे कण फुटतात आणि वाटीत खळ तयार होते. वॉलपेपर चिकटेल, घशाखाली उतरणार नाही. काट्याने कुस्करा, चमचाभर दूध घाला, संपलं. गाजर बोटाएवढ्या कांड्या करून इतकं उकडायचं, की चिमटीत दाबल्यावर चेपलं पाहिजे. मटार दाबून चपटे करायचे. एकेक. हो, एकेक.

बोलता बोलता मी द्राक्षं चिरत होतो. प्रत्येकाचे उभे चार भाग.

"द्राक्ष चिरतोस?" काका इतके हसले, की चौथा पॅनकेक त्यांना हातात धरून ठेवावा लागला. "सोलून नाही का देत?"

अख्खं द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि नेमकं लहान मुलाच्या श्वासनलिकेचं तोंड बंद होईल एवढंच असतं. आडवं कापलं तरी गोलाई राहतेच, म्हणून उभंच चिरायचं. अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे चार वर्षांचं होईपर्यंत नकोतच. हे सगळं मी सांगितलं. काका म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." द्राक्षं होती की नाही, हे विचारायचं राहिलं.

"नाहीच खाल्लं तर दूध पाज भरपूर."

इथे मात्र माझा आवाज चढला. दिवसाला साधारण अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं, की जेवणाची भूक मरते. दुधात लोह नावालाच, शिवाय इतर अन्नातलं लोह अंगी लागण्यातही ते आडवं येतं. मूल गुटगुटीत दिसतं आणि रक्त कमी भरतं. मुळात भूक कमी होणं हा काही रोग नाही. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्यात जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढ मंदावली की मागणीही घटते. नवी भाजी मुलाने स्वीकारायची तर ती दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. काकांना पॅनकेक पहिल्याच फटक्यात पटला, पण काका अपवाद.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी वाटणी करून ठेवलीय: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. काकांनी कुठे बसायचं, याची त्यात तरतूद नाही.

"आई कुठंय हिची?" काकांनी बोटं पुसली.

"ऑफिसला."

"तरीच."

या 'तरीच'पाशी माझं हसू संपतं. मी द्राक्षं चिरतो तेव्हा जिन्यात माझं कौतुक होतं, "स्वतः करतो हो सगळं!" आणि हेच सगळं जी रोज करते, तिला मुलीचं वजन विचारलं जातं. ताटली एकच, पॅनकेकही तेच. ते करायला मला शिकवलंही तिनेच.

"बघ, संपली की नाही ताटली?" काका उठले. लेकीने टाळ्या वाजवल्या. मग तिने ताटलीच्या कडेला चिकटलेला करपलेला कण उचलला, नीट न्याहाळला आणि खाल्ला. "अजून," म्हणाली.

कढईत दोन उरले होते, माझ्यासाठी ठेवलेले. ते तिने उभ्या उभ्या खाल्ले, मोडलेल्यासकट.

काका जाताना पान्हा परत घेऊन गेले.